फलकावरून तू कोणाकडे पाहतेस

"रेणू रॅम्पवर चालण्यासाठीच जन्माला आली होती. मुंबईने तिला बोलावले होते. परंतु आबांनी तिला जाऊ दिले नाही, आणि म्हणून ती आयुष्यभर याच शहरात कुकर आणि मसाले विकत राहिली. ती गेली ती हा सल मनात घेऊन."

रेणू, हे शब्द तुझ्या मामाचे, म्हणजे माझ्या चिरंजीवाचे, विलासचे आहेत. तुझ्या शोकसभेत, मराठी मंडळाच्या सभागृहात, मी पहिल्या रांगेत बसलेलो असताना तो हे बोलला. मंडळाच्या स्मरणिकेत तुझ्यावर जे पान निघणार आहे, त्यातही त्याला हेच छापायचे आहे. शीर्षकसुद्धा ठरले आहे : 'अडवलेली झेप'. सभेत मी उठलो नाही. रडणाऱ्या माणसाशी वाद घालू नये, एवढे मला कळते. परंतु छापील मजकूर रडत नसतो. त्याच्याशी वाद घालता येतो, आणि तो मी घालणार आहे. समोरच्या पानावर माझा मजकूर येईल, असे मी संपादकांना कळवले. ते म्हणाले, "आबासाहेब, श्रद्धांजलीत वाद शोभत नाही." मी म्हटले, आमच्या नातीला शोभेल. तिने चहाचा एक कप कधी वादाशिवाय प्यायला नाही.

माझी बदनामी ही माझी खासगी मालमत्ता आहे. तिचे काय करायचे ते मी पाहीन. मला राग येतो तो वेगळ्या गोष्टीचा. विलासच्या त्या चार वाक्यांत तू कुठेच नाहीस. मुंबई बोलावते, मी अडवतो, आणि तू नुसती राहतेस. तुझा निर्णय तुझ्या हातून काढून घेऊन माझ्या पदरात टाकला आहे. गेलेल्या माणसाची वस्त्रे वाटून टाकण्याची रीत आहे. त्याचे निर्णय वाटून टाकण्याची नाही.

तू गेलीस हे या शहराला अजून कोणी नीट सांगितलेले नाही. सिकंदराबादच्या रस्त्यावर एका रुग्णालयाचा फलक आहे. त्यावर तू रुग्णालयाच्या दारात फुले घेऊन उभी आहेस, आणि खाली तेलुगूत लिहिले आहे, 'नेनु इंटिकि वच्चेशानु'. मी घरी आले. दुसऱ्या एका रुग्णालयातून आम्ही तुला घरी आणत होतो तेव्हा शववाहिका नेमकी त्या फलकाखाली सिग्नलला थांबली. मी तुझ्या शेजारी बसलो होतो. खिडकीतून वर पाहिले. खाली तू, वर तू. आणि वरची तू अधिक जिवंत. चालकाने तो फलक पाहिला, मग आरशातून मागे पाहिले.

तेराव्याच्या सामानासाठी मी स्वतः बेगम बाजारात गेलो. दुकानदाराने पिशवीत मसाल्याचा पुडा टाकला. पुड्यावर तू, हातात पळी. मी तो परत केला आणि दुसरा मागितला. शेजारी एक बाई डाळ निवडून पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "हीच ना ती? बिचारी. लहान लेकरू मागं ठेवून गेली म्हणे."

मी म्हटले, "तिला मूल नव्हतं. तिचं लग्नही झालेलं नव्हतं."

त्यांनी माझ्याकडे कीव येऊन पाहिले. "आजोबा, आम्ही पाहिलंय की. त्या दुधाच्या पावडरीच्या फलकावर. बाळ अगदी आईवर गेलंय."

मी त्या फलकाखाली जाऊन उभा राहिलो, निव्वळ त्यांचे म्हणणे खोडून काढण्यासाठी. रेणू, मला ते खोडता आले नाही. ते परके बाळ खरोखर तुझ्यासारखे दिसते.

दुकानातल्या पुतळ्याबद्दलही बोलले जाते. मागे एका जाहिरातीसाठी तुझी माणसाएवढी पुठ्ठ्याची आकृती बनवली होती आणि ती तू आपल्या सुलतान बाजारच्या दुकानात आणून आरशाशेजारी उभी केलीस. "माझ्याऐवजी ही बसेल गादीवर, आबा. ही तुमच्याशी भांडणार नाही." तू गेल्यावर दुकानातल्या माणसांनी ती भिंतीकडे तोंड करून ठेवली. आता ते आपापसांत सांगतात की रोज सकाळी ती आपोआप वळलेली असते. कोणीतरी तिच्यावर लिंबूमिरचीही टांगली. ही आणखी एक आवृत्ती, आणि तिचाही निकाल इथेच लावतो. आकृती आपोआप वळत नाही. दुकान उघडायला मी सगळ्यांच्या आधी येतो. ती मी वळवतो.

आता मूळ वादाकडे येतो. तो समजण्यासाठी आपल्या दुकानाच्या दोन रीती वाचकांना ठाऊक हव्यात. विलासला त्या ठाऊक नाहीत, कारण तो कधी गादीवर बसला नाही. तो संगणकाच्या नोकरीत गेला, त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु ज्याने दुकान पाहिले नाही त्याने दुकानातल्या माणसांचे बोलणे उलगडून सांगू नये.

पहिली रीत अशी. साडीचा पदर गिऱ्हाइकाच्या खांद्यावर टाकला की दुकानदाराने तिच्या चेहऱ्याकडे पाहायचे नाही; आरशात पाहायचे, आणि आरशातही पदराकडे. चेहरा पाहणे असभ्य, शिवाय डोळा फसतो. हसरा चेहरा वाईट रंगालाही खपवून नेतो. तू परकर-पोलक्यात होतीस तेव्हापासून, एखाद्या बाईंना पदर दुसऱ्या कोणाच्या अंगावर पाहायचा असला की मी तुला हाक मारी, आणि तू गादीवर ताठ उभी राहीस. किती सुंदर उभी राहायचीस. मान स्थिर, खांदे सरळ, आणि चेहरा असा की जणू घरात कोणी नाही. माझ्या पिढीला विणकराचा मान राखायला शिकवले होते, आणि तू तो नुसत्या उभे राहण्याने राखत होतीस.

दुसरी रीत नकाराची. गिऱ्हाईक भाव फार पाडू लागले की विकणारा स्वतः नाही म्हणत नाही. तो हळूच म्हणतो, "माझी ना नाही हो, मालक नको म्हणतात." मालक तिथेच बसलेला असतो. त्याने अशा वेळी ऐकूनही न ऐकल्यासारखे करायचे आणि चेहरा कडू ठेवायचा. त्यामुळे नकार दिला जातो आणि गोडवाही टिकतो. कडूपणा मालकाच्या खाती जमा होतो. तो त्यासाठीच गादीवर बसलेला असतो. तू लहानपणीच ही विद्या इतकी हस्तगत केलीस की शेजारच्या मुलींनी खेळायला बोलावले आणि तुला जायचे नसले, तर माझ्याकडे बोट दाखवून सांगायचीस, "मालक नको म्हणतात." मी चेहरा कडू करायचो.

तू उंच झालीस, आणि कॉलेज संपता संपता कोणीतरी तुझी छायाचित्रे काढली. मग प्रश्न उभा राहिला : फॅशन की कमर्शियल? हे दोन शब्द मी तुझ्याकडून शिकलो. पहिल्यात वस्त्र मोठे आणि माणूस त्याच्यासाठी; दुसऱ्यात वस्तू कोणतीही, माणूस ओळखीचा वाटला पाहिजे. आता इथे नीट वाचावे, कारण जगाने ते उलटे धरले आहे. मी फॅशनच्या बाजूने होतो.

मी का नसणार? आयुष्यभर मी चेहरा बाजूला ठेवून वस्त्राकडे पाहत आलो. मुंबईचे लोक तेच करतात असे कळल्यावर मला प्रथमच वाटले की आपला धंदा कुठेतरी विद्या म्हणून ओळखला जातो. आणि तू माझ्याच गादीवर तयार झालेली. मी तुला म्हणालो, "दात दाखवून साडी विकणं हे फेरीवाल्याचं काम आहे. साडी स्वतः बोलली पाहिजे."

तू पाय हलवत गादीच्या कडेला बसली होतीस. "फेरीवाल्याची साडी विकली जाते, आबा. तुमची बोलत बसते."

"विषय बदलू नको."

"बरं. तिकडे मी खुंटी आहे. खुंटीला पंचविशी झाली की भिंतीतून काढतात. इकडे आज नवरी, उद्या आई, परवा सासू. साठाव्या वर्षी कवळीची जाहिरात करीन. तुम्हाला बसवीन शेजारी."

"मला कवळी नाही."

"तेव्हा असेल."

हा वाद कितीतरी दिवस चालला. जेवताना, दुकान बंद करताना, कोठीच्या चौकात रिक्षा मिळेपर्यंत. एकदा तू वेगळ्या आवाजात म्हणालीस, "आबा, तुम्ही मला आयुष्यभर आरशातून पाहिलंत. तिकडेही तसंच पाहतात. मला एकदा सरळ पाहणारं कोणीतरी हवंय." मी म्हटले, आरसा ही नजरेची अदब आहे. तू म्हणालीस, "अदब पुष्कळ झाली." तुझे ते म्हणणे मला त्या दिवशी पटले नाही, आजही पटत नाही. वाद तिथेच उभा आहे. तू निघून गेलीस म्हणून तो तू जिंकलास असे मी मानणार नाही.

याच सुमारास विलासची मुंबईला बदली झाली होती. त्याने ओळखी काढून एका मोठ्या वस्त्रसंकल्पकापर्यंत, म्हणजे फॅशन डिझायनरपर्यंत, तुझी छायाचित्रे पोचवली, आणि बोलावणे आले. माप घेण्यासाठी यावे, जमले तर पुढच्या मोसमात रॅम्पवर. त्याच सुमारास इथे एका दुकानाने लगीनसराईच्या फलकासाठी नवरी म्हणून तुला विचारले. कोणते दुकान? सुलतान बाजारातले, आपल्या समोरचे. माझ्या वडिलांपासूनचे आपले प्रतिस्पर्धी. त्या दुकानाची साडी तू नेसावीस यापेक्षा तू मुंबईत रॅम्पवर चालावीस हे मला शंभर पटींनी बरे वाटले असते, आणि मी तसे बोललो होतो.

 तू तिकीट काढलेस, बॅग भरलीस. विलास मुंबईत तुला उतरवून घ्यायला येणार होता. मी तुला नामपल्ली स्टेशनवर सोडायला निघालो. होय, मीच. लाल बॅग, चाकांची, परंतु चाक तुटलेले, म्हणून मी ती उचलून घेतली होती. स्टेशनच्या दाराशी तू थांबलीस. आत फलाटावर गाडी लागल्याचे सांगत होते. तू म्हणालीस, "आबा, वेळ आहे का तुम्हाला?"

"गाडीला वेळ नाही."

"गाडीचं नाही विचारत."

आणि तू रिक्षा थांबवलीस. युसुफच्या स्टुडिओचा पत्ता सांगितलास. मी बॅग घेऊन तुझ्या मागोमाग रिक्षात बसलो, कारण ती फलाटावर सोडून देता येत नव्हती आणि तुलाही रस्त्यात सोडून देता येत नव्हते. वाटेत मी एकच वाक्य बोललो : "तू चूक करते आहेस." तू म्हणालीस, "हो. माझी मी करतेय." वाचकहो, ही दोन वाक्ये मी शपथेवर सांगू शकतो, परंतु ऐकणारा रिक्षावाला आता कोठे सापडायचा? म्हणून मी त्यांच्यावर विसंबत नाही.

युसुफ हा छायाचित्रकार. त्याचा स्टुडिओ म्हणजे जुन्या इमारतीतली एक लांब खोली आणि एका भिंतीत जमिनीपासून छतापर्यंत खिडकी. तिथे सारे तुझ्यासाठी मांडूनच ठेवले होते. तुला नवरीचा साज चढवला. समोरच्यांची साडी. रंग चांगला होता, हे मला मान्य करावे लागले. युसुफ कॅमेऱ्यामागून म्हणाला, "बिटिया, अब देखो. लेन्स को नक्को, किसीको देख रैं जैसा देखो. दूल्हा आ रा समझो." तू पाहिलेस, पण चेहरा गादीवरचा. घरात कोणी नाही, तसा. त्याने पुन्हा सांगितले, पुन्हा तेच. तो वैतागला. तेव्हा तू म्हणालीस, "आबा, कॅमेऱ्याच्या बाजूला उभे राहा."

मी खिडकीपुढे जाऊन उभा राहिलो. युसुफ म्हणाला, "चचा, हटो जरा, उजाले में आ रैं तुम."

तू म्हणालीस, "नक्को हटाव उनको. आबा, तिथंच थांबा. आणि आरसा नाहीये इथं."

मग तू माझ्याकडे पाहिलेस.

ते पाहणे कसे होते हे मी लिहिणार नाही. कोठीच्या चौकात कितीतरी वर्षे ते लोकांनी पाहिले आहे. समोरच्या दुकानाने ते चित्र कधी बदलले नाही. दर लगीनसराईला तेच चित्र, नवा फ्लेक्स. लोक म्हणत, ही नवरी आपल्याकडेच पाहते. चूक. फलकाखाली कुठेही उभे राहा, तुझी नजर पाहणाऱ्याच्या उजव्या खांद्यावरून पलीकडे जाते. मी कितीदा तपासले आहे. आणि दर वेळी, हसू नकोस, मी मागे वळून पाहिले आहे, तिथे कोण उभे आहे म्हणून. तिथे कोणी नसते. तिथे त्या दिवशी मी होतो.

चित्रे काढून झाल्यावर युसुफने संगणकावर एक मोठे करून पाहिले आणि म्हणाला, "आँख में साया आ रा. निकाल देऊं?" तू वाकून पाहिलेस, बराच वेळ, आणि म्हणालीस, "नक्को. रैन देव." मला वाटले, उजेडाचा काही डाग असेल. मी विचारले नाही. विचारायला हवे होते असेही म्हणत नाही. त्या वेळी मला राग आलेला होता.

जिना उतरताना विलासचा फोन आला. तू तो घेतलास, माझ्याकडे सरळ पाहिलेस आणि अत्यंत मृदू आवाजात म्हणालीस, "मामा, माझी ना नव्हती रे. आबा नको म्हणाले."

मालक नको म्हणतात.

मी बॅग या हातातून त्या हातात घेतली आणि चेहरा कडू केला. गादीवर बसलेल्या माणसाचे ते काम आहे, आणि इतकी वर्षे मी ते निभावले. विलास माझ्याशी वर्षभर धड बोलला नाही तेव्हाही. तुला तुझा मामा दुखवायचा नव्हता. मला तुझा शब्द मोडायचा नव्हता. विलासने रीत न ओळखून शब्द तेवढा धरला. त्यावर आता तो स्मरणिकेचे पान उभारतो आहे. तो दुष्ट नाही. तो त्या दिवशी मनाने मुंबईच्या फलाटावर तुझी वाट पाहत उभा होता, आणि माझ्या समजुतीप्रमाणे अजूनही तिथून हललेला नाही.

मी तुझे ऋण मानतो का, असे कोणी विचारले तर मानतो. तुझ्यामुळे म्हातारपणी मला रस्त्यावरच्या फलकांकडे मान वर करून पाहण्याची सवय लागली. त्यामुळे मानदुखी झाली आणि एकटेपणा झाला नाही. आजोबाच्या भूमिकेसाठी तू मला तीनदा विचारलेस. "मी भूमिका करत नाही, मी आहे," असे उत्तर देऊन मी खूश झालो होतो. तापाने पडण्याच्या थोडे आधी तू दुकानात नाचत आलीस. "आबा, आज मला कॉलेजात जाणाऱ्या मुलीची आई केलं. बढती." मी म्हटले, हा अपमान आहे, तुझे वय काय. तू म्हणालीस, उद्या बोलू. सासू राहिली, कवळी राहिली, माझ्या शेजारची खुर्ची राहिली. तू म्हातारी होण्याचा पूर्ण बंदोबस्त करून ठेवला होतास.

तू गेल्याचे कळताच समोरच्यांनी कोठीचा फलक उतरवला. गेलेली नवरी लगीनसराईत चालत नाही. व्यापारी म्हणून मी त्यांना दोष देत नाही. उतरवलेले फ्लेक्स भंगारात जातात आणि तिथून तुकड्यांनी छपरांवर, हातगाड्यांवर. गेल्या आठवड्यात, भर दुपारी, सुलतान बाजारात मी सीताफळांच्या एका गाडीशी थांबलो. गाडीवर ताणलेल्या सावलीखाली वाकलो, आणि वर पाहिले. छापील बाजू आतल्या अंगाला होती. माझ्या डोक्यावर, हातभर अंतरावर, तुझा एक डोळा उघडा होता. फक्त डोळा आणि भुवईचा थोडा भाग, सुपाएवढा. उन्हामुळे तो आतून पेटल्यासारखा दिसत होता.

गाडीवाला म्हणाला, "क्या होना चचा? सीताफलां एकदम ताजे हैं."

मी वरच पाहत राहिलो.

"वो आँख ना? बच्चे डरतें उससे. उलटा बांधना बोल के हौं मैं."

"उलटा मत बांधो," मी म्हणालो. "मेरे को दे देव."

तो तुकडा आता आपल्या दुकानात आहे, आरशाच्या जागी. आरसा मी काढून ठेवला. विलासने यावे, संपादकांनी यावे, ज्यांना 'अडवलेली झेप' छापायची आहे त्या सर्वांनी यावे. तू चुकलीस हे माझे मत कायम आहे. तू चुकलीस, मुंबईला जायला हवे होतेस, आणि चुकलीस ती सर्वस्वी स्वतः चुकलीस. त्यांनी जवळ उभे राहून पाहावे. तुझ्या बुबुळात युसुफची उंच पांढरी खिडकी आहे. खिडकीपुढे उजेडाला पाठ करून, टोपी घातलेला, जरा पोक आलेला एक माणूस उभा आहे. आणि त्याच्या हातात मुंबईला नेण्यासाठी भरलेली तुझी लाल बॅग आहे.